मांजराला काय लागतंय!

मराठी मध्यमवर्गात कुठल्याही गोष्टीवर एकमत होणं कठीण. आंबा देवगडचा खरा की रत्नागिरीचा, पुरणपोळीबरोबर तूप घ्यावं की दूध, असल्या प्रश्नांवरून सख्ख्या भावांनी अबोला धरल्याची उदाहरणं आहेत. पण एका बाबतीत मात्र पुण्याच्या पेठांपासून दादर-पार्ल्यापर्यंत सगळे एका सुरात बोलतात. "मांजराला काय लागतंय! उरलीसुरली दूधपोळी टाकली की झालं. ते आपलं आपण बघतं." माझं या वाक्याशी भांडण आहे, आणि ते मिटवून घ्यायची मला अजिबात इच्छा नाही.

या वाक्याचा जन्म वाड्यात झाला. वाड्यात मांजर पाळावं लागत नसे, ते असेच. माळ्यावर उंदीर असत, परसात पाली असत, उकरायला माती नि राखेचा ढीग असे, आणि चार बिऱ्हाडांच्या चार चुली असत. एकीकडून हुसकलं तर दुसरीकडे जायचं. शिंक्याचं तुटलं की बोक्याचं फावायचं. अशा ठिकाणी मांजर आपलं आपण बघतं म्हणणाऱ्याला निदान म्हणण्यापुरता आधार होता. पण मला एक सांगा, वाड्यातलं मांजर म्हातारं झालेलं कुणी पाहिलं आहे का? आमच्या लहानपणी मांजर दोनचार पावसाळे दिसे आणि मग दिसत नसे. विचारलं तर आजी म्हणे, "गेलं असेल कुठंतरी." ते आपलं आपण बघत होतं ते हे असं. नीट सांभाळलेलं घरातलं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं, कधी त्याहून जास्त. हे आम्हाला ठाऊक नव्हतं, कारण तेवढी वर्षं मोजत बसायची वेळ वाड्यातल्या एकाही मांजरानं आमच्यावर आणली नाही.

आता वाडे गेले, फ्लॅट आले. तिसरा मजला, दार बंद, खिडकीला काचा, उंदीर नाही, माती नाही. राहिलं आहे ते एकटं वाक्य. अहो, तिसऱ्या मजल्यावर कडीकुलपात ठेवलेल्या प्राण्यानं आपलं आपण बघायचं म्हणजे करायचं काय? वाण्याकडे जायचं?

मुळात मांजर माणसाकडे आलं तेच नोकरीला, आश्रिताला नव्हे. माणूस धान्य साठवू लागला, धान्यापाठी उंदीर आले आणि उंदरांपाठी हे आलं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते २००४ साली जगजाहीर झालं. म्हणजे इतकी जुनी सेवा! त्या नोकराला आपण फ्लॅटमध्ये आणून सक्तीनं निवृत्त केलं आणि वर म्हणतो, "नुसतं झोपतं हो दिवसभर!" निवृत्त माणसं काय करतात? त्याला संध्याकाळी पंधरा मिनिटं दोरीला कागदाचा बोळा बांधून पळवा. पडद्यांच्या चिंध्या होतात त्या निम्म्यानं कमी होतील. सगळ्या नाही. मी खोटं कशाला सांगू?

आता दूधपोळीकडे येतो, कारण खरी गोम तिथं आहे.

मांजर दूध पितं हे खरं. मांजर कढई चाटतं, साबणसुद्धा चाटतं. पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. दूध पाजल्यावर जे होतं ते आपण कोपऱ्यातून पुसून काढतो आणि "घाणेरडं आहे मेलं" असा शेरा मारतो. बासुंदीची वाटी चाटूनपुसून लख्ख करतं ते गोडाच्या ओढीनं, असं आमच्या घरातल्यांना वर्षानुवर्षं वाटत असे. पण मांजराला गोड चव कळतच नाही. ती ओळखायला जो जीन लागतो तो मांजरजातीत बिघडलेला आहे, हे २००५ साली सिद्ध झालं. ओढ सगळी सायीची.

आणि पोळी? मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा जमवून घेतो, उंदीर जमवून घेतो, माणसाचं तर विचारूच नका. मांजराला मात्र ती सोय देवानं दिलेली नाही. टॉरीन नावाचं एक द्रव्य त्याला लागतं. ते त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही आणि धान्यात तर नसतंच, मांस-मासळीत असतं. १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की दुधातलं केसिन एवढंच प्रथिन देऊन ठेवलेल्या मांजरांच्या डोळ्यांचे पडदे झिजत जातात. दुधातलं बरं का! १९८७ साली कॅलिफोर्नियातून दुसरी बातमी आली की हेच द्रव्य कमी पडलं तर मांजराचं हृदय फुगून निकामी होतं. त्यानंतर मांजरांचं खाणं बनवणाऱ्या कारखान्यांनी आपापल्या पिठात टॉरीन वाढवलं. आमच्या स्वयंपाकघरांपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे. मांजर डोळे मिटून दूध पितं अशी म्हण आपणच केली. इथं डोळे कुणाचे मिटलेले आहेत ते सांगायला नको.

यावर उत्तर ठरलेलं असतं. "आमच्या घरात चालत नाही हो!" नसेल चालत. मला त्या सोवळ्याबद्दल आदर आहे. पण मग ससा पाळा. ससा जन्मापासून शाकाहारी आहे. (पोपट मात्र आणू नका. आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मनाई आहे.) वाघाच्या मावशीला घरी आणायचं आणि वरणभाताला बसवायचं, आणि तिनं शेजारच्या घरातला बोंबील पळवला की "चोरटी जात" म्हणून मोकळं व्हायचं, हा कुठला न्याय? उपाशी माणसानं पळवला तर कोर्टसुद्धा थोडा विचार करतं.

आमच्या मनीला मी उकडलेली कोंबडी घालतो. बिनमिठाची, बिनहाडाची. शिवाय दुकानातलं तयार खाणं असतं, कारण नुसत्या कोंबडीवरही भागत नाही. आणि तिच्या वाट्याला कांदा-लसूण कधी जाऊ देत नाही, कारण दोन्ही मांजराला विषारी, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कांदा-लसूण बारा महिने वर्ज्य आणि मांस मात्र दोन्ही वेळा, असा चातुर्मास पाळणारी व्यक्ती आमच्या नात्यात दुसरी नाही. आमच्या आत्या एकदा पंधरा दिवस राहायला आल्या होत्या. मनीच्या ताटलीकडे बघून नाक मुरडलं, पण "कांदा खात नाही" हे कळल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मूळचं घराणं चांगलं दिसतंय."

दुसरा आरोप स्वार्थीपणाचा. कुत्रा इमानी, मांजर मतलबी. मांजर घरावर जीव लावतं, माणसावर नाही. हा आरोप करणारे गृहस्थ बहुधा असे असतात की त्यांचं म्हणणं घरात कुत्र्याखेरीज कुणी ऐकत नाही. मांजर हाक मारल्यावर येत नाही हे खरं. पण त्याला स्वतःचं नाव ओळखता येतं, हे जपानी संशोधकांनी २०१९ साली तपासून पाहिलं. कळतं, पण येत नाही. हे आपल्या घरातल्या किती जणांना लागू आहे ते मोजा आणि मग मांजराला नावं ठेवा. त्याच वर्षी अमेरिकेत ओरेगॉनच्या विद्यापीठात मांजराची पिल्लं आणि त्यांना सांभाळणारी माणसं यांच्यावर प्रयोग झाला. माणूस खोलीतून जाऊन परत आला की पिल्लू कसं वागतं हे बघायचं. तान्ह्या मुलांवर असाच प्रयोग करतात. तीनातली जवळजवळ दोन पिल्लं, माणूस दिसताच भीती टाकून पुन्हा निवांत खेळू लागली. माणसाच्या मुलांतही प्रमाण साधारण तेवढंच निघतं. राहिलेलं तिसरं कुठं जातं म्हणाल, तर ते दोन्ही जातींत सारखंच अवघड.

शिवाय मोठी मांजरं एकमेकांशी "म्यांव" असं फारसं बोलत नाहीत. ते बोलणं त्यांनी मुख्यतः आपल्यासाठी राखून ठेवलं आहे. आपल्याकडे बघून ती सावकाश डोळे मिटतात-उघडतात, ती मैत्रीची खूण. आपणही तसंच केलं तर जवळ येतात. मी हे लोकलमध्ये न करण्याची काळजी घेतो.

पण मांजराची एक खोड आहे आणि ती जिवावरची आहे. ते दुखणं लपवतं. जंगलात आजारी दिसणारा प्राणी दुसऱ्याचा घास होतो. ती सवय गादीवर झोपूनही गेलेली नाही. म्हणजे "ते आपलं आपण बघतं" हे वाक्य ज्याच्या बाबतीत कधीच म्हणू नये असा हा प्राणी.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे एक बोका होता. पिवळा, तीन वर्षांचा, जिन्यात आडवा पसरून सगळ्यांना ओलांडायला लावणारा. मी चार दिवस गावाला गेलो होतो, परत आल्यावर काकूंनी सांगितलं. तो सारखा आपल्या रेतीच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता आणि कळवळून ओरडत होता. बद्धकोष्ठ झालं असेल म्हणून काकांनी त्याला दुधातून चमचाभर एरंडेल दिलं. "मांजर आहे, गवत खाईल आणि होईल बरं," म्हणाले. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

ते बद्धकोष्ठ नव्हतं. बोक्याची लघवीची नळी शेवटी फार अरुंद असते. पाणी कमी पिण्यानं म्हणा, इतर कारणांनी म्हणा, तिच्यात खडा किंवा चिकट बोळा अडकला की लघवी तुंबते. मग दोनतीन दिवसांत विष रक्तात चढून हृदय बंद पडतं. जनावरांचा डॉक्टर नळी घालून वाट मोकळी करतो आणि वेळेवर नेलं तर बहुतेक बोके वाचतात. बोका वारंवार लघवीला बसतो आहे आणि थेंब पडत नाही, एवढं दिसलं की घड्याळ न बघता त्याला उचलायचं. रात्र असली तरी. आणि घरातलं कुठलंही औषध द्यायचं नाही, कारण आपली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते.

काका वाईट नाहीत. बोका गेला त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि त्याची ताटली अजून त्यांनी खिडकीतून हलवलेली नाही. माझा राग काकांवर नाहीच. सत्तर वर्षांच्या भल्या माणसाच्या कानात लहानपणी कुणीतरी एक वाक्य घातलं आणि त्या वाक्यानं तीन दिवस त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं. राग त्या वाक्यावर आहे.

त्या वाक्याचं दुसरं टोक म्हणजे पोतं. मांजरीला पिल्लं झाली की कौतुकाचे आठ दिवस होतात, मग एका रात्री पोतं निघतं. पिल्लं नदीपलीकडे किंवा मासळी बाजारात. "मजेत असतील तिथं!" मासळी बाजार म्हणजे जणू मांजरांची काशीच! काशीवरून आठवलं. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं आपल्याकडे म्हणतात. आजचा सोन्याचा भाव बघता मांजर मारण्याची कुणाची छाती होणार नाही. पण पोत्यात घालून सोडून दिलं तर काय दान करायचं हे शास्त्रानं सांगितलेलं नाही, आणि आपण त्या फटीतून मोटारी घालतो. कायद्यानं तेवढी फट ठेवलेली नाही. उपासमार होईल अशा जागी जनावर टाकून देणं हा १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे. फक्त त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला आहे तो दहा ते पन्नास रुपये. सोन्याचं मांजर एकीकडे आणि पन्नास रुपये दुसरीकडे. यात जरब कुणाची वाटेल?

खरं तर पोत्याची वेळच यायला नको. मांजरी पाचसहा महिन्यांची झाली की आई होऊ शकते, दोन महिन्यांत पिल्लं देते आणि वर्षातून दोनतीनदा देऊ शकते. वेळेवर शस्त्रक्रिया केली की प्रश्न मिटला. पण तो विषय काढला की "निसर्गाच्या विरुद्ध" म्हणतात! ज्या पिढीनं लाल त्रिकोणाखाली संसार केला आणि दोनावर थांबल्याचा अभिमान बाळगला, तिनं मांजराच्या बाबतीत एकदम निसर्गाची बाजू घ्यावी याची मला गंमत वाटते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या जिन्याखाली असंच एक पोतं सापडलं. चार पिल्लं होती. दोन बँकेतल्या सहकाऱ्यांनी नेली, एक काकू वर घेऊन गेल्या. काका अजून त्याला हात लावत नाहीत, पण रेतीचा ट्रे दिवसातून दोनदा तेच बघतात, आणि काय दिसलं ते मला जिन्यात थांबवून सांगतात. चौथं आमच्याकडे आहे. पांढरं, डाव्या कानावर काळा ठिपका, आवाज घराण्याच्या मानानं मोठा. कुणाला हवं असल्यास द्यायचं आहे. लस टोचली आहे, शस्त्रक्रियेचं मी बघेन. खिडक्यांना जाळी असावी, कारण मांजर पायांवर पडतं म्हणून चौथ्या मजल्यावरून पडून धड राहतंच असं नाही. दूधपोळीवाल्यांनी चौकशी करू नये. जाळीचा निम्मा खर्च मी देईन. हे अजून घरात सांगितलेलं नाही.