प्रशिक्षकाला वर्षे द्या

खालिद जमील ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा सावियो मेदेरा यांच्यानंतर तब्बल 13 वर्षांनी हे पद कायमस्वरूपी एका भारतीयाकडे आले. या माणसाची पात्रता कशात आहे, हे त्यांच्या आय-लीग या राष्ट्रीय लीगमधल्या विजेतेपदापेक्षा त्याआधीची सात वर्षे जास्त स्पष्ट सांगतात. कुवेतमध्ये जन्मलेले जमील खेळाडू म्हणून घडले ते मुंबईत. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी. त्याच मुंबई एफसीची सूत्रे 2009 मध्ये त्यांच्याकडे आली. तुटपुंज्या पैशांत जमवलेला हा संघ आय-लीग कधीच जिंकला नाही, पण जमील असेपर्यंत खालच्या श्रेणीतही घसरला नाही. 2016 मध्ये ते गेले आणि पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडली.

त्याच हंगामात जमील यांनी ऐझॉल संघाला आय-लीगचे विजेते केले. आदल्या वर्षी पदावनत झालेल्या आणि नंतर नशिबाने पुन्हा लीगमध्ये घेतल्या गेलेल्या या संघात जयेश राणे, आशुतोष मेहता असे मुंबईत त्यांच्या हाताखाली खेळलेले खेळाडू होते. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँग लाजाँगविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. नवव्याच मिनिटाला गोल खाऊनही संघ विस्कटला नाही. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने गोल फेडला आणि ईशान्येत पहिल्यांदाच राष्ट्रीय लीगचा चषक गेला. कमी साधनांत बचाव कसा बांधायचा, पिछाडीवर असताना डोके शांत कसे ठेवायचे, हे मुंबईतल्या त्या कोरड्या हंगामांत शिकून झाले होते. माझ्या मते त्यांचे खरे भांडवल तेच.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. जमील यांचा संघ फार बचावात्मक खेळतो. त्यांच्या काळात भारत मडगावात सिंगापूरकडून 1-2 असा हरला आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. पुढे ढाक्यात बांगलादेशनेही हरवले. हे पराभव बोचतातच. पण पात्रता फेरीचे पहिले दोन सामने त्यांच्याआधी झाले होते, त्यांत भारताला एकच गुण मिळाला होता आणि तेव्हा प्रशिक्षक स्पॅनिश होते. त्यांच्याही आधीचे प्रशिक्षक स्टिमाच यांनी भारताला आधीच्या आशिया चषकात नेले हे खरे, पण कतारमध्ये तिन्ही सामने भारत एकही गोल न करता हरला. जमील मात्र आल्या आल्या ताजिकिस्तानला त्यांच्या मैदानावर हरवून आणि ओमानला पेनल्टींवर नमवून मध्य आशियाई देशांच्या काफा स्पर्धेत तिसरे आले. दोन्ही बाजूंचे निकाल पाहिले, तर दोष एका माणसाच्या माथी मारता येत नाही.

नाशिककरांना हे पटायला हवे. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत हिने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरमध्ये कांस्य जिंकले, त्यामागे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी नाशिकमध्ये वर्षानुवर्षे केलेली मेहनत होती. फुटबॉललाही तोच न्याय लावा. आपल्या शाळांनी आणि क्लबांनी चांगला प्रशिक्षक मिळाला की एका स्पर्धेच्या निकालावर त्याला बदलू नये. किमान पाच वर्षे त्याच्या हाती मुले द्यावीत आणि पगार वेळेवर द्यावा.