जाहिरातीतला दीड टन

फोर्डने २०२१ च्या एफ-१५० पिकअपसाठी मिरवलेला भारवहनाचा आकडा होता ३,३२५ पौंड, म्हणजे दीड टन. आकडा खरा आहे, आणि म्हणूनच मला त्याची चीड येते. खोटा असता तर कोर्टात खेचता आला असता.

हा दीड टन उचलणारी गाडी कशी असते? दोन दारांची आखूड केबिन, आठ फुटी हौदा, फक्त मागच्या चाकांना ड्राइव्ह, पाच लिटरचं व्ही-८ इंजिन आणि त्यावर मागून घेतलेलं 'हेवी ड्यूटी पेलोड' पॅकेज. बांधकामवाल्याने, पाइप आणि सिमेंट वाहणाऱ्याने घ्यावी अशी ही गाडी. पण शोरूममध्ये रांगेने उभ्या असतात त्या चार दारांच्या, चामड्याच्या सीटच्या, काचेच्या छताच्या. त्यांतल्या एखादीचं ड्रायव्हरकडचं दार उघडा. चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि माल मिळून किती वजन चालेल ते छापलेलं असतं. भरगच्च सजवलेल्या गाडीत ते बहुधा १,५०० पौंडांच्या आसपास, म्हणजे सातशे किलोच्याही आत. पाच धडधाकट माणसं बसली की चारशे किलो संपले. मागे तीन टनांचा ट्रेलर जोडला, की त्याच्या दांड्याचा निदान तीनशे किलोचा भार हुकवर येतो. हौद्यात अजून एक खिळाही टाकलेला नाही आणि गाडी मर्यादेबाहेर! गिऱ्हाईक मात्र दीड टनाच्या भरवशावर उतार उतरत असतो. ब्रेक तापतात, मागचे पाटे बसतात, टायर फाटतो. ही फसवणूक आहे. सौम्य शब्द मी वापरणार नाही.

दणकट पिकअपच्या या जातीला जन्मापासूनच खोट आहे. १९७५ साली अमेरिकेत नव्या गाड्यांना धुरातले विषारी वायू घटवणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल आलं, पण मालासकट एकूण वजन ६,००० पौंडांच्या वर असलेल्या ट्रकांना सूट होती. फोर्डने त्याच वर्षी एफ-१०० आणि एफ-२५० च्या मधे, ती रेघ जेमतेम ओलांडणारी एफ-१५० काढली. पुढच्याच वर्षी शेव्हरोलेची 'बिग १०' आली. ज्याला खरंच जास्त माल वाहायचा त्याचा फायदा झाला, हे मान्य. पण शिशाचा धूर ज्यांच्या छातीत गेला त्यांना कुणी विचारलं होतं? पुढे मायलेजच्या नियमाची रेघ ८,५०० पौंडांवर होती, तेव्हा शेव्हरोलेचीच २००१ ची सिल्व्हराडो १५००एचडी आली ८,६०० ला. नाव हलक्या गाडीचं, कागद जड गाडीचा.

एक पिढी मात्र मला मनापासून आवडते. १९९७ नंतरच्या काही जड एफ-१५० ना सात नटांची चाकं होती. साध्या गाडीला पाच. लांबून बघितलं तरी कळायचं, ही ओझ्याची गाडी आहे. नट मोजता येतात, त्यात सेल्समनला बोलायला जागा राहत नाही.

निर्लज्जपणाचा कळस २०१४ मध्ये झाला. फोर्ड आपल्या जड पिकअपची कमाल क्षमता काढताना स्टेपनी, जॅक, रेडिओ आणि दोन सीटांमधला कप्पा वजनातून वगळते, हे तेव्हा बाहेर आलं. जनरल मोटर्सचा हिशेबही त्याच वळणाचा निघाला. माल वाहणाऱ्या माणसाला भर उन्हात, आडरस्त्यावर, स्टेपनीशिवाय कल्पून काढलेला आकडा! ज्याने तो मंजूर केला त्याने आयुष्यात कधी भरल्या गाडीचं चाक बदललेलं नसणार.

आपल्याकडे २०२२ मध्ये टाटा योद्धा २.०, २०२३ मध्ये बोलेरो मॅक्स पिकअप दोन टनांच्या दाव्यासह आल्या. इथला गिऱ्हाईक हौदा भरतोच, उलट जास्तच भरतो, हा आपला वेगळा गुन्हा. पण तो निदान ओझ्यासाठी गाडी घेतो. अमेरिकेत ओझ्याच्या गाडीची अब्रू वापरून दिवाणखाने विकले जातात.

माझी मागणी साधी आहे. जाहिरातीत जी गाडी दाखवाल, तिच्याच दाराच्या चौकटीवरचा आकडा किमतीएवढ्या ठळक टायपात छापा. आणि दीड टनाची गाडी विकायची असेल, तर ती शोरूमच्या पुढच्या रांगेत उभी करा.