एकच बिस्कीट!

"अरे, कुत्र्याला कसला आलाय डायबेटिस? तुम्हा आयटीवाल्यांची थेरं सगळी!" शेजारच्या काकूंचं हे वाक्य मी गेल्या सहा महिन्यांत पन्नासदा तरी ऐकलं असेल. पाठोपाठ आमच्या ठमीच्या तोंडात बिस्कीट. "एकच तर दिलं!"

काकू, 1889 साली मिंकोवस्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याच्या लघवीत साखर सापडली. मधुमेहाचा स्वादुपिंडाशी संबंध माणसाला कळला तो असा. 1921 मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्टनी इन्सुलिनचे प्रयोग केले, तेही कुत्र्यांवरच. काकांसाठी तुमच्या फ्रिजमध्ये जी बाटली आहे ना, ती त्यांच्या जिवावर आलीय. आणि आता त्यांनाच म्हणे डायबेटिस होत नाही!

काकांच्या गोळ्याही ठमीला उपयोगाच्या नाहीत. कुत्र्यांत बहुतेक वेळा इन्सुलिन बनणंच बंद पडतं. म्हणून सकाळी सात, संध्याकाळी सात, तेच खाणं, तेवढंच, मोजून. रिलीज असो नाहीतर दिवाळी. आधी खाणं, मग सुई. पोटात काही नसताना पूर्ण डोस गेला तर साखर इतकी उतरते की झटके येतात, जीवही जाऊ शकतो. काकूंचं 'एकच' म्हणजे अर्धा पुडा असतो हे मला उशिरा कळलं. पाच वाजता पुडा, सात वाजता ठमी जेवणाकडे बघेना, आणि मी एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात फोन घेऊन डॉक्टरांना शोधतोय. बरं, सिरिंजही बाटलीप्रमाणे लागते, चाळीसची किंवा शंभरची. केमिस्ट म्हणतो, "सगळं सेम असतं साहेब." सेम कसलं डोंबलाचं!

आता काकूंचा नवा तोडगा, शुगरफ्री. त्यातल्या काहींत झायलिटॉल असतं. माणसाला चालतं, कुत्र्याला विष.

आमचंही चुकलंच म्हणा. "एकदा पिल्लं होऊ देत" म्हणत तिचं ऑपरेशन लांबवलं. माजानंतरच्या हार्मोन्समुळे माद्यांमध्ये हा आजार बळावतो, हे नंतर वाचलं. तोवर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हल्ली चौकटीला धडकते. पण काकूंची चाहूल लागली की शेपूट हलतंच.

रविवारी त्यांचा पुडा मी परत दिला. तेव्हापासून काकू बोलत नाहीयेत. नका बोलू.