‘बॅटरी गेली’ म्हणणाऱ्याला आधी मीटर लावायला सांगा



पाऊस उघडला, रब्बीची गडबड लागली आणि गावात ट्रॅक्टर ढकलायचा हंगाम पण सुरू झाला. सकाळी रस्त्यानं जाताना बघा, उतारावर तोंड करून किती ट्रॅक्टर उभे हायत. मालकाला विचारलं की एकच उत्तर, "बॅटरी गेलीय, नवीन टाकायचीय." कुणी सांगितलं? दुकानदारानं. त्यानं काय लावून बघितलं? काय नाय. सेल्फ मारला, टक-टक वाजलं, लागला निकाल.

मीटर न लावता जो बॅटरी गेली म्हणतो, त्याला तुमचा ट्रॅक्टर चालू करायचा नाही, बॅटरी विकायचीय. राग आला तर येऊ द्या.

शेजारच्या वस्तीवर गेल्या साली हेच झालं. हरभऱ्याला वाफसा आलेला, ट्रॅक्टर उठेना. दुकानातून पोरगं आलं, हात न लावता म्हणालं बॅटरी संपली. उधार-उसनवार करून नवी टाकली, जुनी बदल्यात दिली. तिसऱ्या दिवशी परत टक-टक. मग मी मीटर घेऊन गेलो. बॅटरीची मायनस पट्टी गिअरबॉक्सला जिथं बोल्टनं आवळलेली असते तिथं गंजाचा थर. बोल्ट काढला, पॉलिश पेपर मारला, परत आवळला, एका सेल्फला गाडी चालू. नवी बॅटरी ताज्या दमाची, म्हणून दोन दिवस तिनं ओढून नेलं. त्या गंजामुळं तिला चार्जिंग पण पुरतं मिळत नव्हतं. आणि जुन्या बॅटरीचं कार्ड काढून बघितलं तर वॉरंटी अजून शिल्लक! ती कधीच भंगारात गेली होती. पैसे गेले ते गेले, ओल उडाली ती कोण भरून देणार?

आता घरी काय बघायचं ते सांगतो. तीन-चारशे रुपयांत साधा मीटर मिळतो. मोबाईलच्या कव्हरला आपण तेवढे घालवतो.

रात्रभर गाडी बंद असू द्या. सकाळी सेल्फ मारायच्या आधी मीटर डीसी २० वर ठेवून दोन्ही टोकांना लावा. १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. उतरलेली म्हणजे मेलेली नव्हे, हे दहा वेळा सांगायला लागतंय. उतरलेली बॅटरी चार्जिंगला लावायची असते. तेही सावकाश. ८८ एएचची असेल तर आठ-नऊ ॲम्पियरवर, घाई न करता. दोन तासांत भरून देतो म्हणणाऱ्याकडं देऊ नका.

मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडं बघा. भरलेली असून आकडा साडेनऊच्या खाली पडला तर बॅटरीत दम नाही. आकडा साडेबाराच्या पुढंच राहिला आणि सेल्फ फिरतच नाही, तर बॅटरीचा काय दोष? टर्मिनल, अर्थ, सेल्फचा सोलेनॉइड, नाहीतर क्लचखालचा स्विच बघा. काही ट्रॅक्टर क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत. मीटर नसेल तर हेडलाईट लावून सेल्फ मारा. लाईट पार विझला तर बॅटरी नाहीतर जोड कमजोर. लाईट तसाच लख्ख राहिला तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही.

टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा फुलोरा गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा, पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. सुकल्यावर आवळा आणि वरून ग्रीस लावा. खोलताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी. म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. आणि तिथं बिडी नको. चार्ज होताना निघणारा वायू पेट घेतो, बॅटरी तोंडावर फुटते.

गाडी चालू करून परत बघा. साधारण १३.८ ते १४.४ आलं तर डायनामो चार्ज करतोय. १२ च्या घरातच राहिलं तर पट्टा ढिला आहे का बघा, नाहीतर डायनामो उतरवा. नवी बॅटरी टाकून डायनामो दुरुस्त होत नाही.

काही मिस्त्री चालू गाडीचं टर्मिनल काढतात आणि म्हणतात, बघा, बंद पडली नाही, डायनामो ओके. अहो, जुन्या पद्धतीच्या पंपाचं डिझेल इंजिन आहे ते! त्याला चालू राहायला करंट लागतच नाही. डायनामो मेला असला तरी ते चालणार. वर चांगला डायनामो असेल तर त्याचे डायोड या उद्योगात जातात ते वेगळंच.

दुसरं खूळ ॲसिडचं. ग्रॅव्हिटी कमी आली की ओत ॲसिड. बॅटरी उतरते तेव्हा ॲसिड उडून जात नाही, प्लेटवर जाऊन बसतं. चार्ज केलं की परत पाण्यात येतं. उडतं ते पाणी. म्हणून भरायचं ते डिस्टिल वॉटर, प्लेटा बुडून वर थोडं. बोअरचं क्षाराचं पाणी नाही, आणि व्हिडिओत दाखवतात तसली गोळी-मीठ तर अजिबात नाही. वरून ॲसिड ओतलं की आकडा चांगला दिसतो आणि प्लेटा आतून खाल्ल्या जातात. चार्ज होऊन सगळे सेल १२५० च्या पुढं आले आणि एकच ११५० ला अडकला, तर तो सेल गेला. तिथं वाद नाही. पूर्ण चार्ज करून सकाळी साडेदहाच व्होल्ट दिसले तरी तेच, सहातला एक सेल बसला. अशी बॅटरी बदला, माझी काही तक्रार नाही. सीलबंद बॅटरीत ग्रॅव्हिटी बघता येत नाही, तिथं मीटरवर भागवायचं.

काही जण म्हणतात, हंगामात एवढा वेळ कुणाला? सगळं मिळून अर्धा तास लागतो. ढकलायला चार माणसं गोळा करायला जास्त लागतो.

पावसाळ्यात ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर मायनस काढून ठेवा. टेप थेट बॅटरीवरून जोडला असेल तर तो रात्रंदिवस थोडं थोडं पितो.

आणि बदलायची वेळ आलीच तर जुनी फुकटात सोडू नका, तिच्यात शिसं आहे. तिचे किती धरले ते बिलावर वेगळं लिहून घ्या, नव्या बॅटरीचा नंबर आणि तारीख कार्डावर शिक्क्यासकट घ्या, आणि कार्डाचा फोटो तिथंच उभं राहून मोबाईलमध्ये काढा.