गाडीचे अंतरंग आणि आपली तरुण मुले



कार्यकारिणीच्या मागच्या सभेत, गणपतीचा हिशेब मंजूर झाल्यावर आणि चहा यायच्या आधी, एक लहानसा विषय निघाला आणि त्यावर पाऊण तास वाद झाला. आपल्यातली काही मुले सतरा पूर्ण करून नुकतीच गाडी चालवू लागली आहेत. त्यांच्या वाट्याला आलेल्या जुन्या गाड्या आतून काळ्या, नाहीतर राखाडी. त्यांची मागणी अशी, की मंडळाने एका शनिवारी कार्यशाळा घ्यावी आणि दारांची पॅनेले, गिअरभोवतीची चौकट, सीटची कव्हरे यांचा रंग कसा बदलावा ते शिकवावे. कोणी म्हणाले, हे खूळ आहे. कोणी म्हणाले, गाडी विकताना किंमत जाईल. एका काकूंनी मात्र एवढेच विचारले, "आणि तो वास पोरांच्या छातीत गेला तर?"

सभेतला हा एकच प्रश्न आम्हांला खरा वाटला. पण त्याचे उत्तर म्हणून कार्यशाळाच रद्द करावी, हे आम्हांला मान्य नाही.

आधी खुळाबद्दल. हे इंग्रज मुलांचे वेड आपल्या मुलांना लागले, असे सभेत बोलले गेले. ज्यांनी मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीतून प्रवास केला आहे त्यांनी तरी असे म्हणू नये. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे छत फुलाफुलांच्या छापील रेक्झिनने मढवलेले असे, आणि दोन टॅक्सींची नक्षी सहसा सारखी नसे. २०१५ मध्ये तर 'टॅक्सी फॅब्रिक' नावाचा उपक्रम मुंबईत सुरू झाला आणि तरुण चित्रकारांनी स्वतः रेखाटलेल्या कापडांनी टॅक्सीच्या सीट, छत आणि दारांची आतली बाजू सजली. ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण ती हौस गेली असे कोणी म्हणणार नाही. जाता जाता एक गंमत : रेक्झिन हा शब्द आपल्याला अस्सल देशी वाटतो, पण ते मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीच्या कापडाचे नाव. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन ते बनवत. इथे आज ते नाव फारसे कोणाला आठवत नाही, आणि आपल्याकडे गावोगावचा कुशनवाला ते रोज घेतो, मग समोरचे कापड पीव्हीसीचे का असेना.

शिवाय आपण राहतो ते गावही गाड्यांचेच. १८९८ मध्ये थॉर्निक्रॉफ्टचा वाहनांचा कारखाना बेसिंगस्टोकला आला. त्यांच्या गाड्या माइलस्टोन्स संग्रहालयात आपण मुलांना दाखवून आणतो. रस्त्यात गाडी बंद पडली की आपण ज्यांना फोन करतो त्या एएचे मुख्य कार्यालय १९७३ पासून आपल्याच गावात आहे. इथली मुले गाडीत हात घालू पाहतात, यात नवल ते काय?

किमतीचा मुद्दा लवकर संपतो. बारा-पंधरा वर्षांच्या गाडीची आतल्या रंगामुळे जाऊन जाऊन किती किंमत जाणार! मात्र हप्त्यांवर किंवा भाड्याने घेतलेल्या गाडीला हात लावू नये. पीसीपीच्या करारात शेवटची मोठी रक्कम भरेपर्यंत गाडी कंपनीच्या मालकीची असते, आणि परत करताना रंगवलेले पॅनेल दिसले की भरपाई मागतात. डीव्हीएलएच्या नोंदीत बाहेरचा रंग असतो. तो बदलला तर कळवावे लागते, आतला बदलला तर नाही. विमा कंपनीचे मात्र तसे नसते. २०१२ च्या कायद्याप्रमाणे ग्राहकाने विम्याच्या प्रश्नांना काळजीपूर्वक खरी उत्तरे द्यायची असतात, आणि गाडीत काही बदल केले आहेत का, हा प्रश्न बहुधा असतोच. सतरा वर्षांच्या मुलाचा विमा आधीच आईबापांना घाम फोडतो, त्यात नंतर वाद नको. एक फोन करावा आणि काय सांगितले ते लिहून ठेवावे.

आता ज्या विषयात आम्ही आमची उमेदीची वर्षे घालवली त्याकडे येतो.

दाराचे पॅनेल काढून उलटे केले की मागे बारीक अक्षरांत प्लास्टिकची जात कोरलेली सापडते. रंग विकत घेण्याआधी ती वाचावी. एबीएस असेल तर काम सोपे, त्यावर रंग चांगला धरतो. फक्त ते पुसायला ॲसिटोन वापरू नये, पृष्ठभाग विरघळतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर गाठ अवघड गिऱ्हाइकाशी आहे. दह्याचे आणि आइस्क्रीमचे बरेच डबे याच जातीचे. त्यांच्यावर रंग लावून पाहा, वाळल्यावर नखाने पापुद्रा निघतो. कारण हा पदार्थ रेणूंच्या पातळीवर तेलकट स्वभावाचा, दुसऱ्याला जवळ करत नाही. त्यासाठी क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिनचा एक पातळ अस्तर-लेप मिळतो. तो एका बाजूने पॉलिप्रॉपिलीनला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरतो. हा लेप वगळला की चार आठवड्यांत कोपरे सुटतात आणि मग मुले म्हणतात, रंगच वाईट होता.

मऊ पीव्हीसीचा स्वभाव आणखी वेगळा. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळलेली असतात आणि ती वर्षानुवर्षे हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. त्यावर साधा कडक रंग भेगाळतो. वाकणारा, व्हिनाइलसाठीचाच रंग हवा. त्या डब्यावर 'डाय' असे लिहिलेले असले तरी तो कपड्याच्या रंगासारखा आत मुरत नाही, तो एक पातळ थरच असतो. चामड्याच्या सीटचेही तेच. आजकालच्या बहुतेक गाड्यांत चामड्यावर रंगद्रव्याचा थर आणि वर पॉलियुरेथेनचे आवरण असते. तेव्हा आपण रंगवतो ते चामडे नसते, त्याच्यावरचा लेप असतो.

आणि या सगळ्यांचा सामाईक शत्रू म्हणजे डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकोनचा फवारा. आपल्या लोकांना चकाकी आवडते. पण ज्या भागावर तो एकदा मारला तिथे नवा रंग माशाच्या डोळ्यांसारखे गोल सोडून पसरतो. साबणाच्या पाण्याने धुणे, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसणे, पुन्हा धुणे, यातच निम्मा शनिवार जाईल. जाऊ द्यावा.

काही भागांना मात्र कार्यशाळेत हात लावू दिला जाणार नाही, आणि याबाबत आम्ही कोणाचे ऐकणार नाही. एअरबॅगचे झाकण ठरलेल्या रेषेवर फाटावे म्हणून आतून मुद्दाम पातळ केलेले असते. एअरबॅग सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते. झाकणावर नवा थर देऊन ते कसे फाटेल याचा जुगार खेळायचा नाही. ज्या सीटच्या कडेला एअरबॅग आहे तिला जाडजूड कव्हर शिवायचे नाही. सीटबेल्ट पॉलिएस्टरच्या धाग्यांनी विणलेला असतो. तो रंगवणे किंवा ब्लीच करणे म्हणजे ज्याच्यावर जीव टांगलेला आहे तोच दोर कमकुवत करणे. आणि डॅशबोर्डचा वरचा भाग फिकट करायचा नाही. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो. तो समोरून आला की फिकट डॅशबोर्डचे प्रतिबिंब काचेवर पडते आणि रस्ता ओलांडणारे माणूस दिसत नाही. कारखान्यातून तो भाग काळपट येतो तो उगाच नाही.

आता काकूंचा प्रश्न. फवाऱ्याच्या डब्यातला वायू बहुधा ब्यूटेन, प्रोपेन किंवा डायमिथाइल ईथर असतो, आणि ही सगळी पेट घेणारी द्रव्ये. ब्यूटेन-प्रोपेन हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतात. बंद गॅरेज आणि त्यातच जळता बॉयलर, एवढे पुरते. रंगातले द्रावक डोके धरवतात. कागदी मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी कोळशाच्या डब्यांचा मास्क लागतो. ज्या दोन-घटकी रंगात आयसोसायनेट असते तो तर घरी आणूच नये. या देशात गाड्या रंगवणाऱ्या कामगारांना त्याने दमा झाल्याची उदाहरणे भरपूर आहेत, आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की नंतर अगदी थोड्या मात्रेनेही दम लागतो. आपल्या कित्येक घरांत इनहेलर असलेले मूल आहे. घरात राहणाऱ्या आजीआजोबांचाही विचार करावा.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग बंदच करा. पण मुलांनी डबे मागवलेले आहेत! फिती पाहून, दार लावून, हिवाळ्यातल्या गारठ्यात ती हे करणारच. गारठ्यात आणि दमट हवेत रंग पांढुरका पडतो, मग ती आणखी एक हात मारतील. आपण त्यांना वर्षातून दोनदा हॉलवर बोलावतो, खुर्च्या लावायला सांगतो, आणि मग ती मंडळात येत नाहीत म्हणून कुरकुर करतो. या वेळी प्रथमच त्यांनी स्वतः होऊन काही मागितले आहे.

म्हणून आमची सूचना अशी. कार्यशाळा मे महिन्यात, उघड्यावर घ्यावी. मुलांनी गाडी नव्हे, काढलेली पॅनेले आणावीत. पॅनेल कसे उचकटायचे ते आधीच्या शनिवारी दाखवू. सीट आणि एअरबॅगच्या तारांना हात न लावता जेवढे निघते तेवढेच काढायचे. पहिला थर दह्याच्या डब्यावर, दुसरा पॅनेलच्या मागच्या बाजूला, मग दर्शनी बाजूला. मास्क मंडळाने घ्यावेत. नवरात्रातल्या दांडियाच्या शिलकीतून ते होईल. धुतलेले रंगाचे पाणी रस्त्याकडेच्या जाळीत ओतायचे नाही. लॉडन नदी आपल्याच गावात उगम पावते आणि त्या जाळीतले पाणी बहुधा तिलाच मिळते.

ज्या सभासदांकडे मोकळे अंगण किंवा मोठा ड्राइव्हवे आहे आणि शेजारी समजूतदार आहेत, त्यांनी पुढच्या सभेपूर्वी कार्यवाहांना कळवावे. काकूंनी त्या दिवशी पोह्यांचे मनावर घेतले तर फार बरे. खाणे मात्र वाऱ्याच्या उलट बाजूला मांडू.