मेंदूतला ‘नॉइज’ आठवणी बिघडवतो की घडवतो?

रायगडच्या किनाऱ्यावर चौलमध्ये नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. वाडीत ज्या बाजूने रोज पावलं पडतात, तिथे पायवाट तयार होते. जाणं-येणं थांबलं, की पावसाळ्यात तिथे गवत माजतं.

मेंदूतल्या चेतापेशींच्या जोडण्याही काहीशा अशाच घडतात. एक पेशी दुसरीला सक्रिय करण्यात वारंवार हातभार लावत असेल, तर त्यांच्यातली जोडणी बळकट होते, असं कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडलं. शिकणं आणि लक्षात ठेवणं याच बदलांवर चालतं.

नॉइज म्हणजे काय?

इथे नॉइज म्हणजे कानावर पडणारा आवाज नव्हे, तर संदेशांमधली अनिश्चितता. एका पेशीचा संदेश जोडणीपर्यंत पोहोचला, तरी तो पुढे नेणारं रसायन दर वेळी सुटेलच असं नाही. आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागातल्या अनेक जोडण्यांमध्ये बहुतेक संदेश वायाच जातात. कधी कधी संदेश नसतानाही रसायन सुटतं.

पुण्याच्या आयसर संस्थेतल्या सुहिता नाडकर्णी संगणकीय मॉडेलच्या मदतीने हाच विषय अभ्यासतात. रसायन सुटण्याच्या प्रक्रियेवर त्यांनी टेरेन्स सेज्नोव्स्की आणि इतरांसोबत २०१० मध्ये शोधनिबंध लिहिला होता.

नोबेलशी काय संबंध?

२०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं. हॉपफिल्ड यांचं नेटवर्क अर्धवट माहितीवरून साठवलेली आठवण शोधतं, पण कधी कधी चुकीच्या उत्तरापाशी अडकतं. हिंटन, सेज्नोव्स्की आणि डेव्हिड ॲकली यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या ‘बोल्ट्झमन मशीन’मध्ये यादृच्छिकता मुद्दाम ठेवली होती. तिच्या धक्क्याने नेटवर्क अडकलेल्या जागेतून बाहेर पडू शकतं.

मग नॉइज चांगला की वाईट?

प्रमाणावर अवलंबून. वाडीत एखादा माणूस वाट सोडून गेला, तर जवळचा रस्ता सापडू शकतो. सगळेच वाटेल तिकडून चालू लागले, तर पायवाटच उरणार नाही. तसंच, थोड्या नॉइजमुळे नव्या शक्यता तपासल्या जातात. तो फार वाढला तर पक्क्या झालेल्या जोडण्याही विस्कटू शकतात.

‘व्हाइट नॉइज’ लावून अभ्यास करावा का?

‘व्हाइट नॉइज ऐका, स्मरणशक्ती वाढवा’ असे व्हिडिओ सोशल मीडियावर सर्रास दिसतात. पण हेडफोनमधला आवाज आणि जोडण्यांमधली अनिश्चितता या वेगळ्या गोष्टी आहेत. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा आवाजात एडीएचडी असलेल्या मुलांची स्मरणाची कामगिरी सुधारली, इतर मुलांची मात्र घसरली. म्हणजे एकाला उपयोगी पडलेला आवाज दुसऱ्याचा अभ्यास बिघडवूही शकतो. व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.