सनई, क्रमांक ११२

संगीताच्या बाबतीत आपण औरंगजेबाच्या घराण्यातल्या, असे आमच्या वहिनी मोठ्या अभिमानाने सांगतात. दादा वीस वर्षे ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवीत होता. पण त्याने घरी काही वाजवायला घेतले, की वहिनी उठून कुकर लावायला जात. म्हणूनच यंदाच्या वैशाखात जे घडले, त्याने मी थक्क झालो.

पुतणीचे लग्न ठरले होते. ती जन्मली तेव्हा, म्हणजे १९९७ साली, दादाने तिच्यासाठी पाळण्याची एक धून बांधली होती. जेमतेम तीन मिनिटांची. दादाला जाऊन आता सहा वर्षे झाली. वरमाला घालताना तीच धून वाजली पाहिजे, असा पुतणीचा हट्ट. शोधाशोध केल्यावर दादाच्या ट्रंकेत एक फ्लॉपी निघाली. तिच्यावर त्याच्या किरट्या अक्षरात 'बाळ' एवढेच लिहिलेले. आमच्या चिरंजीवांनी कुठून तरी ती वाचणारे यंत्र पैदा केले आणि धून लॅपटॉपवर लावली. सतार, मागे तंतुवाद्ये, मग सनई. सगळे सूर जागच्या जागी! वहिनी पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या.

"हे त्यांचे नाही हो, भाऊजी," त्या म्हणाल्या.

"अहो, त्याचीच फ्लॉपी आहे ती!"

"असेल. पण वाजवतेय कुणी तरी दुसरेच."

वाचकहो, अशा वेळी शहाण्या माणसाने हसून विषय बदलावा. पण मास्तरकी हाडीमाशी खिळलेली! मी चौकशीला लागलो, आणि वहिनींचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले.

त्या फ्लॉपीत आवाज नव्हताच. होती ती नुसती कृती. दिवाळी अंकात चकलीची कृती छापलेली असते ना, तशी: अमुक वाट्या भाजणी, तमुक चमचे तीळ. कागद कुरकुरीत लागत नाही. चकली ज्याच्या त्याच्या हाताची आणि कढईची. तसेच या 'मिडी' नावाच्या लिपीचे. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ती ठरली. तिच्यात फक्त आज्ञा लिहिलेल्या असतात: अमुक पट्टी दाब, इतक्या जोराने दाब, आता सोड. आवाज काढायचा तो त्या आज्ञा वाचणाऱ्या डब्याने. म्हणूनच दादाची तीन मिनिटांची धून अवघ्या काही किलोबाइटांत मावली होती.

पुढे १९९१ साली वाद्यांना क्रमांकही ठरवून दिले गेले. एकूण १२८ वाद्ये. पहिला नंबर पियानोचा आणि शेवटचा, कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला कोण जाणे, बंदुकीच्या बाराचा! त्याच्या शेजारी टाळ्या आणि हेलिकॉप्टर. या पंगतीत आपल्याकडची दोनच पाने मांडलेली आहेत: १०५ वर सतार आणि ११२ वर सनई. तबला नाही, हार्मोनियम नाही. सनईचे नाव तिथे 'शनाई' असे लिहिले आहे. पण परक्या पंगतीत नावाच्या उच्चारावरून रुसून कसे चालेल?

मात्र त्या यादीने फक्त नाव आणि नंबर ठरवला. सनई कशी वाजावी, तिचा नाद रुंद असावा की चिरका, किती मोठा असावा, हे ज्याच्या त्याच्यावर सोडले. इथेच सगळी गोम आहे.

दादाचे ऑर्केस्ट्रातले एक स्नेही गिरगावात राहतात. त्यांच्याकडे असले जुने डबे फळीवर ओळीने मांडलेले. एका रविवारी आम्ही सारे तिथे गेलो. वहिनींचे माहेर गिरगावातले, त्यामुळे त्याही आल्या. स्नेह्यांनी प्रथम रोलंडचा एमटी-३२ काढला. हा १९८७चा, म्हणजे क्रमांकांच्या यादीच्याही आधीचा. त्या काळी यंत्रातली स्मृती फार महाग. तेव्हा वाद्याचा सुरुवातीचा आघात तेवढा खरा, ध्वनिमुद्रित केलेला. पुढचा नाद यंत्राने स्वतः घडवायचा, अशी युक्ती त्यात होती. छेड खऱ्या वाद्याची वाटते न वाटते तोच सूर काचेसारखा निसरडा होतो. पण त्यालाही एक निराळीच गोडी आहे. तेव्हाच्या संगणकी खेळांचे संगीत रचणारे त्यावर लुब्ध होते, ते उगीच नव्हे. दादाची धून मात्र त्याने पार उलटीपालटी केली. त्याची क्रमवारीच वेगळी. १०५ म्हणताच सतारीऐवजी मारिंबाच्या लाकडी पट्ट्या टकटक करू लागल्या, आणि पुतणी हसून लोटपोट झाली.

मग यामाहाचा एमयू-८० लावला. हा १९९४चा. एकाच वेळी ६४ आवाज काढण्याची याची ऐपत. सतार लखलखीत, तंतुवाद्ये स्वच्छ, एकेक सूर वेगळा मोजून घ्यावा. मला तर तो फारच आवडला. पण दुसऱ्या कडव्यानंतर हार्पच्या सुरांची लांबलचक लड येते, तिथे वहिनींनी एकदम हात वर केला.

"इथे ते थांबायचे."

"कोण?"

"वाजणे थांबायचे. क्षणभर सगळे गप्प. मग सनई."

स्नेह्यांनी वहिनींकडे पाहिले आणि कानाची पाळी पकडली. "दादाकडे एससी-५५ होता," ते म्हणाले. "त्याला चोवीसच आवाज."

रोलंडचा साउंड कॅनव्हास, एससी-५५, हा १९९१चा. एका वेळी २४ आवाज. त्यात काही वाद्यांच्या एकेका सुराला दोन-दोन आवाज खर्ची पडतात. पेडल दाबून तंतुवाद्ये लांबवावीत आणि वर हार्पची लड सोडावी, की त्याची पुंजी संपते. मग नव्या सुराला जागा देण्यासाठी तो जुना सूर मध्येच तोडतो. दादाच्या धुनेत तंतुवाद्ये तिथेच तुटत होती. चौसष्ट आवाजांच्या श्रीमंत डब्यात ती तुटली नाहीत. घुमत राहिली, आणि सनई त्यांच्याखाली गुदमरली.

लॅपटॉपचेही कोडे उलगडले. विंडोजमध्ये जो वाजवणारा असतो, त्याचे ध्वनी रोलंडकडूनच घेतलेले. पण साडेतीन मेगाबाइटांच्या आत कोंबलेले, आणि सभागृहाचा घुमारा नाही. चुलत भाऊच म्हणा. चेहरा ओळखीचा, पण मनुष्य तो नव्हे.

"आता एससी-५५ कुठून आणायचा?" मी हताश होऊन म्हणालो.

"तो काळा डबा ना?" वहिनी म्हणाल्या. "माळ्यावर आहे की. टॉवेलात गुंडाळून ठेवलाय."

खाली काढला. नारिंगी पडदा उजळला, त्यावर बारीक पट्ट्या वरखाली नाचू लागल्या. सतार थोडी मऊ, तंतुवाद्ये एकमेकांत मिसळलेली, चुलीवरच्या वरणासारखी. हार्पची लड आली, सगळे तुटले, आणि त्या पोकळीत सनई अगदी हलकेच उभी राहिली. वहिनी कुकर लावायला गेल्या नाहीत.

इथवर ठीक होते. पण पुतणीने मुद्दा काढला: बाबांनी तर ते सूर पुढे लांबवून लिहिलेत; यंत्राच्या गरिबीमुळे ते तुटले. त्यांनी लिहिले ते खरे, की डब्याने तोडले ते? मी पोथ्यांच्या पाठभेदांत जन्म घालवलेला मनुष्य. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी १५८४ साली ती शुद्ध केली, हे वर्गात दरवर्षी सांगतो. तेव्हा पुतणीचा पक्ष मला शास्त्रशुद्ध वाटला, आणि तसे मी बोलूनही गेलो. वहिनी काही बोलल्या नाहीत. उठून पाण्याचा तांब्या आत घेऊन गेल्या.

रात्री चिरंजीवांना बसवून ती फाइल आकड्यांत उघडायला लावली. पट्टी किती जोराने दाबली याचा आकडा त्यात असतो, जास्तीत जास्त १२७. धुनेत इतर सर्वत्र सनईचे आकडे शंभराच्या आसपास. त्या एकाच ठिकाणी ४६. मागे तंतुवाद्ये घुमत आहेत असे समजून कुणी वाजवणारा सनई इतकी हळू आणील का? दादाने ती शांतता ऐकली होती. ऐकून, तिच्या मापाने सनई बेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनींकडे जाऊन तो आकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो पाहिला, आणि "मला त्यातले काय कळतेय, भाऊजी!" म्हणून चहा टाकला.

लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात आहे. मंगल कार्यालयातल्या ध्वनिक्षेपकवाल्याचा परवा फोन आला होता. गाणे पेन ड्राइव्हवर द्या म्हणाला. वहिनींनी फोन माझ्या हातून घेतला आणि पेन ड्राइव्ह नाही, डबा येईल, त्याला टेबल आणि विजेची जागा तेवढी ठेवा, असे बजावून सांगितले. आता मी पाच टाचण्यांची ती जुनी वायर शोधतो आहे. एक मिळाली आहे, पण तिचे टोक सैल वाटते.